संत्र्याची गाडी बंगालच्या सीमेवर पाठवायची, तर ट्रान्सपोर्ट दलाल कसा पारखावा?

प्रश्न थोडक्यात असा. काटोल तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. ग्रेडिंग-वॅक्सिंगची मशीन स्वतःची, माल आजवर कळमन्याच्या यार्डात जायचा. यंदा आंबिया बहाराचा संत्रा थेट कोलकात्याच्या मेछुआ बाजारात पाठवायचा विचार आहे आणि एका निर्यातदाराच्या मागणीवरून काही गाड्या बांगलादेशला लागून असलेल्या पेट्रापोल सीमेवर (पलीकडचं नाकं बेनापोल). नागपूरच्या वाडी, कळमना आणि कापसी भागांतल्या तीन दलालांनी भाडं सांगितलं. वाडीचा सगळ्यांत स्वस्त. कळमन्यातला ओळखीचा म्हणतो, "बेनापोलपर्यंत सगळं मी पाहून घेतो, तुम्ही फक्त माल भरा." कापसीवाला सगळ्यांत महाग, वरून त्यानेच दहा प्रश्न विचारले. गाडी कोणाला द्यावी?

भाऊ, भाड्याचा कागद आधी बाजूला ठेवा. नागपुरात गाडी मिळवून देणं हे काही मोठं कसब नाही. उत्तर-दक्षिण ४४ नंबरचा आणि पूर्व-पश्चिम ५३ नंबरचा हायवे आपल्याच शहरात एकमेकांना छेदतात. वाडीत, कापसीत रोज गाड्या खाली होतात आणि रिकामं परत जाण्यापेक्षा ड्रायव्हर जे मिळेल ते भाडं पाहतो. बंगाल पासिंगची गाडी परतीच्या वाटेवर असेल तर ती स्वस्तात लागतेच. फोन आणि चार मोटरमालकांचे नंबर असलेला कोणीही पोरगा गाडी लावून देईल. दलालाची खरी परीक्षा गाडी रायपूर ओलांडून गेल्यावर सुरू होते आणि संपते ती सीमेअलीकडच्या बनगावच्या पार्किंगमध्ये. दलाल नागपूरचाच निवडा, पण पारखा तिकडच्या टोकाला. वाडीत बसून गाड्या लावण्यात माझी उमर गेली आणि बिघडलेले जे जे सौदे पाहिले, त्यातले बहुतेक इकडे भरताना नाही, तिकडे उतरवताना बिघडले.

कळमन्याच्या माणसाचं "सगळं मी पाहून घेतो" हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं. सीमेच्या कामात तीन वेगळी माणसं लागतात आणि लोक तिघांना एकच समजतात. ट्रान्सपोर्ट दलाल गाडी आणि माल यांची गाठ घालून देतो, कमिशन घेतो. वाहतूकदार स्वतःच्या नावाची बिल्टी (माल घेतल्याची पावती) फाडतो आणि मालाची जबाबदारी घेतो, मग गाडी त्याची स्वतःची असो की भाड्याची. तिसरा कस्टम ब्रोकर, म्हणजे सीएचए. त्याच्याकडे कस्टम खात्याचं लायसन्स असावं लागतं, शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा कागद, तो भरतो आणि माल सीमेपार जाण्याची परवानगी त्याच्या कामातून निघते. शिवाय बेनापोलच्या बाजूला बांगलादेशी आयातदाराचा स्वतःचा सी अँड एफ एजंट, म्हणजे तिकडचा कस्टम ब्रोकर, असतो. तुमचा कळमन्याचा ओळखीचा या चौघांपैकी कोण आहे, ते त्याला सरळ विचारा. सीएचए कोण, लायसन्स कोणाच्या नावावर, पेट्रापोलला ऑफिस आहे की फक्त मोबाइल नंबर? नाव सांगायला त्याने टाळाटाळ केली, तर तो "पाहून घेतो" म्हणजे तिकडच्या कोणाला तरी फोन करतो, एवढाच अर्थ घ्या.

आता बिल्टी. दलालाला विचारायचा पहिला प्रश्न भाड्याचा नको. "बिल्टी कोणाच्या नावाची फाटणार?" हे विचारा. बहुतेक छोटे दलाल स्वतःची बिल्टी देत नाहीत. गाडीमालकाच्या नावाची कच्ची चिठ्ठी देतात किंवा भलत्याच ट्रान्सपोर्ट कंपनीच्या छापील बिल्टीवर गाडीनंबर लिहून देतात. काही झालं की कंपनी म्हणते, गाडी आमची नाही. गाडीमालक म्हणतो, मला दलालाने लावलं. आणि दलाल म्हणतो, मी तर फक्त ओळख करून दिली.

कायदा असा आहे. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम लागू आहेत. त्यात कॉमन कॅरियरच्या, म्हणजे सगळ्यांचा माल भाड्याने नेणाऱ्याच्या, व्याख्येत बुकिंग कंपनी, एजंट आणि ब्रोकरही येतात. अशा माणसाला नोंदणी करावी लागते आणि ती दहा वर्षं चालते. म्हणून नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा. वाडीत ती मागितली की काहींचे चेहरे बदलतात. बदलू द्या. प्रमाणपत्र आहे आणि बिल्टीवर तोच नोंदणी नंबर छापलेला आहे, एवढं जुळलं तरी अर्धी चाळणी झाली.

याच नियमांतली एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. तुम्ही जास्त जोखमीचं भाडं लिहून दिलं नसेल, तर मालाच्या नुकसानीची वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपर्यंतच असते आणि तीही तुम्ही फॉरवर्डिंग नोटवर (माल देताना वाहतूकदाराला भरून द्यायचा कागद) लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. समजा भाडं ९० हजार. म्हणजे वरची मर्यादा ९ लाख. संत्र्याची १८ टनांची गाडी ४० रुपये किलोने धरली तर माल ७ लाख २० हजारांचा. तुम्ही मर्यादेच्या आत आहात. पण उद्या त्याच दलालाकडून भिवापूरची सुकी मिरची पाठवली, १५० रुपये किलोने १८ टन, तर माल २७ लाखांचा आणि मर्यादा तीच ९ लाखांची. म्हणून फॉरवर्डिंग नोटवर किंमत खरी लिहा आणि महाग मालाला जास्त जोखमीचा दर मागून घ्या. नुकसान झालंच तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस वाहतूकदाराला पोचली पाहिजे, नाहीतर दावाच उभा राहत नाही. फोनवरची भांडणं नोटिशीत धरली जात नाहीत.

"गाडीचा इन्शुरन्स आहे ना" असं विचारून गप्प बसू नका. तो इन्शुरन्स गाडीचा असतो, मालाचा नाही. मालासाठी तुमची स्वतःची ट्रान्झिट पॉलिसी लागते. आणि संत्र्यावाल्यांनी एक कलम नीट वाचावं: उशिरामुळे झालेलं नुकसान या पॉलिसीत साधारणपणे धरत नाहीत. गाडी उलटली तर पैसे मिळतील. गाडी पाच दिवस रांगेत उभी राहून माल सडला तर नाही. सीमेवर धोका आहे तो नेमका याच दुसऱ्या प्रकारचा आणि त्यावर विमा नाही. त्याला उतारा एकच, सीमेवर ज्याचं चालतं असा दलाल.

पैशाचं सांगतो, कारण गाड्या खऱ्या अर्थाने अडकतात त्या इथेच. खुल्या बाजारात भरतानाच भाड्याचा मोठा हिस्सा अ‍ॅडव्हान्स जातो, उरलेलं पोच आल्यावर. तुम्ही अ‍ॅडव्हान्स दलालाच्या खात्यात टाकता. दलाल आपलं कमिशन, मागच्या गाडीची उधारी आणि कधी स्वतःच्या घरचा खर्च कापून उरलेलं मालकाला देतो. कधी कधी देतच नाही. एका हंगामात मोर्शीकडच्या एका व्यापाऱ्याची गाडी खरगपूरच्या अलीकडे ढाब्यावर उभी राहिली. ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, मालक बोलतोय पुढे नेऊ नको." डिझेलपुरते पैसे मिळाले होते, बाकी दलालाकडे अडकले. दलालाचा फोन आधी बिझी, मग बंद. ड्रायव्हर बिचारा भला होता, त्याने ताडपत्रीची कड उचलून फोटो पाठवले: खालच्या थरातल्या क्रेटमधून रस गळून डाल्याच्या फळ्यांवर काळे डाग पडलेले. शेवटी व्यापाऱ्याने गाडीमालकाच्या खात्यात पैसे परत भरले, तेव्हा गाडी हलली. तो दलाल अजूनही धंद्यात आहे, फक्त बोर्ड नवा आहे.

यावर माझी पद्धत सोपी आहे. गाडी लागली की भरण्याआधी मोटरमालकाशी स्वतः बोला. दलालासमोर, स्पीकरवर. भाडं किती ठरलं, अ‍ॅडव्हान्स किती, हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचं भाडं) किती, हे मालकाच्या तोंडून ऐका आणि त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. अ‍ॅडव्हान्स थेट मालकाच्या खात्यात, कमिशन वेगळं दलालाला. पुष्कळ दलालांना हे आवडत नाही, कारण मालकाला सांगितलेलं भाडं आणि तुम्हाला सांगितलेलं भाडं यांतला फरक उघडा पडतो. थोडा फरक तो ठेवणारच, त्यावरच त्याची चूल पेटते, त्यावर चिडू नका. पण तुमच्याकडून घेतलेल्या भाड्यापेक्षा मालकाला फारच कमी सांगितलं असेल, तर ती गाडी वाटेत कुरकुरणार हे धरून चाला. आणि मालकाशी बोलूच देत नाही म्हणणाऱ्याकडे बहुधा मालकाचा नंबरच नसतो. त्याने गाडी दुसऱ्या दलालाकडून घेतलेली असते, त्या दुसऱ्याने तिसऱ्याकडून.

सीमेवर काय होतं, ते नीट समजून घ्या, म्हणजे दलालाला काय विचारायचं ते आपोआप सुचेल. नागपूर, भंडारा, देवरी, राजनांदगाव, रायपूर, संबलपूर, खरगपूर अशी ही वाट कोलकात्यापर्यंत अकराशे किलोमीटरच्या वर जाते आणि ती बहुतेक ठीक असते. कोलकात्यापासून पेट्रापोल जेमतेम ८० किलोमीटर. पण तो जेसोर रोड आहे. बारासात, हाबरा, बनगाव अशी गच्च वस्ती आणि दोन्ही बाजूंना जुनी प्रचंड झाडं. अरुंद रस्ता, रुंदीकरण झाडांच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं रखडलेलं. एवढी लांब वाट चालवून आलेला ड्रायव्हर या ८० किलोमीटरला कंटाळतो.

बनगावात गाडी पार्किंगला लागते. सीमा ओलांडायचा नंबर लावण्यासाठी पश्चिम बंगाल सरकारने २०२२ पासून सुविधा नावाची ऑनलाइन स्लॉट-बुकिंगची सोय सुरू केली. ती येण्याआधी पार्किंगमध्ये गाड्या दिवसचे दिवस पडून राहायच्या आणि नंबर पुढे सरकवण्याचा वेगळाच बाजार चालायचा. दलालाला विचारा: स्लॉट कोण घेतो, फी कोण भरतो, गाडी नागपूरहून निघण्याआधी घेतो की बनगावात पोचल्यावर? ज्याने खरोखर गाड्या पाठवल्या आहेत, तो या प्रश्नावर अडखळत नाही, उलट तुम्हालाच विचारतो की तुमचं शिपिंग बिल कधी तयार होणार.

दुसरा प्रश्न: तुमचीच गाडी बेनापोलला जाणार की बनगावात माल लोकल गाडीत पलटी होणार? लांबून आलेल्या नॅशनल परमिटच्या गाडीतला माल सीमेसाठी स्थानिक गाडीत चढवण्याची तिकडे चाल आहे. त्यात लांबची गाडी लवकर मोकळी होते, हॉल्टिंग वाचतं, हे खरं. पण संत्र्याला प्रत्येक पलटी म्हणजे मार. क्रेट आपटतात, हमाल फोडलेला माल बाजूला काढतात, मोजणीत घट येते. पलटीची हमाली कोणाकडे, क्रेटची घट कोणाच्या खात्यात, रिकामे क्रेट परत कोण आणणार, हे बिल्टीवर किंवा करारावर लिहून घ्या. क्रेट तुमच्या कंपनीचे असतील तर हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे.

तिसरा हॉल्टिंगचा. किती दिवस फुकट, त्यानंतर रोजचे किती, आणि दिवस कुठून मोजायचे: बनगावच्या पार्किंगमध्ये पोचल्यापासून की स्लॉटच्या तारखेपासून? दिवस कुठून मोजायचे ही ओळ लिहायची राहिली की भाड्यात वाचवलेले सगळे पैसे तिथेच जातात. स्वस्त दलालाचा स्वस्तपणा बहुधा याच ओळीत लपलेला असतो. वाडीवाल्याच्या भावात हॉल्टिंगचा शब्द आहे का, आधी तेवढं पाहा.

शिवाय पेट्रापोल म्हणजे एकच दार नाही. घोजाडांगा-भोमरा आहे, उत्तरेला महदीपूर, हिली, सिलिगुडीजवळ फुलबारी. पेट्रापोल तुंबला तर दुसरी वाट कोणती, असं विचारल्यावर जो लगेच म्हणतो, "तुमच्या आयातदाराचा एलसी कोणत्या पोर्टचा आहे ते आधी सांगा," त्याला धंदा कळतो. एलसीवर, म्हणजे आयातदाराच्या बँकेने दिलेल्या पैशाच्या हमीपत्रावर, आणि कागदांवर जे पोर्ट असेल, त्यावरूनच माल जाणार. गाडी मनाने वळवता येत नाही.

बांगलादेशाचं धोरणही एका रात्रीत बदलतं, हे संत्रावाल्यांना मी सांगायची गरज नाही. २०१९ मध्ये किलोला २० रुपये असलेलं आयातशुल्क चढत चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं आणि वरूड-मोर्शी-काटोल पट्ट्याचं कंबरडं मोडलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सरकार कोसळलं तेव्हा पेट्रापोलचा व्यापार काही दिवस ठप्प होता, गाड्या जिथल्या तिथे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी लँड पोर्टवरून सुताची आयात बंद केली. अशा बातम्या दलालाने तुम्हाला सांगायला हव्यात, तुम्ही त्याला नव्हे. त्याच्या ऑफिसात बसून सहज विचारा, सध्या तिकडे काय चाललंय. पाच मिनिटांत कळतं की त्याचा तिकडे माणूस आहे की नाही.

एक मुद्दा तुमच्या प्रश्नात नाही, पण तो महत्त्वाचा आहे. निर्यातदार तुम्ही नाही, दुसरा आहे. मग तुमची जबाबदारी नेमकी कुठे संपते? बनगावच्या पार्किंगमध्ये माल ताब्यात दिला की संपते, असंच लिहून घ्या. आयईसी (निर्यातीचा कोड नंबर), फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (फळ कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), सीएचए, स्लॉट हे सगळं निर्यातदाराच्या माथी ठेवा. आणि बनगावात पोचल्यापासूनचं हॉल्टिंगही. तुमच्यासारख्या कंपनीने पहिल्याच वर्षी बेनापोलपर्यंतची जोखीम अंगावर घेण्यात अर्थ नाही. यावर निर्यातदार तयार नसेल तर पहिल्या गाड्या फक्त मेछुआलाच पाठवा.

गाडी भरण्याबद्दल थोडं. दलाल फळाचा माल नेहमी लावतो की सिमेंट-लोखंडाचा, हे त्याने पाठवलेल्या गाडीवरून कळतं. फळासाठी डाल्याची गाडी हवी, खाली वारा जाईल अशी. ताडपत्री वरून हवी, बाजूंनी गच्च आवळलेली नको. आत उकाडा धरला की संत्रा दुसऱ्या दिवशी घामेजतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो. थरांमध्ये फट ठेवा. भरणं संध्याकाळी उरका म्हणजे पहिला मोठा टप्पा रात्री निघतो. मेछुआसाठी वेळेचा हिशोब आणखी कडक, कारण कोलकात्यात दिवसा जड गाड्यांना बंदी असते. सकाळी उशिरा पोचलेली गाडी शहराबाहेर रात्रीची वाट पाहत उभी राहते.

कागद बाकी सगळ्यांना माहीत असतात, म्हणून पटकन. सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून फिटनेस, इन्शुरन्स, परमिट पाहा. चासी नंबर आरसीशी जुळवा, ड्रायव्हरच्या लायसन्सचा आणि गाडीसमोर उभ्या ड्रायव्हरचा फोटो घ्या. माल गायब होण्याच्या प्रकारांत अनेकदा नंबरप्लेट खोटी असते, आणि ती पाच मिनिटांत पकडता येते. धर्मकाट्याची पावती भरताना आणि उतरवताना, दोन्ही ठिकाणची. ताज्या संत्र्याला ई-वे बिल लागत नाही, पण उद्या मिरची किंवा प्रक्रिया केलेला माल पाठवाल तेव्हा लक्षात ठेवा: ५० हजारांवर ई-वे बिल, आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बदलली तर नवा नंबर टाकला गेला पाहिजे. सीमेवर पलटी झालेल्या मालात हेच राहून जातं.

आता तुमचे तिघे. वाडीवाला स्वस्त आहे, मेछुआच्या साध्या गाडीसाठी तो चालेल. बिल्टी नोंदणीकृत वाहतूकदाराची आणि अ‍ॅडव्हान्स मालकाच्या खात्यात, या दोन अटींवर. कळमन्याच्या ओळखीच्याला सीमेची गाडी देऊ नका, जोवर तो सीएचएचं नाव आणि हॉल्टिंगची अट कागदावर देत नाही. ओळख आहे म्हणून लिहून मागायला संकोच वाटतो, तो वाटू देऊ नका. कापसीवाल्याने दहा प्रश्न विचारले म्हणता. क्रेट किती, माल कोणाच्या ताब्यात द्यायचा, शिपिंग बिल कोण करणार, असे ते प्रश्न असतील तर सीमेची पहिली गाडी त्यालाच द्या. भाडं जास्त आहे ना, मग ते कमी करायला भांडू नका. त्याऐवजी फुकटचे हॉल्टिंगचे दिवस वाढवून मागा. तो ते देऊ शकतो, कारण तिकडे गाडी किती दिवस उभी राहते हे त्याला ठाऊक असतं.

आणि पहिल्या गाडीचा वार नीट निवडा. बांगलादेशात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. इथून तीन दिवसांचा प्रवास धरला तर सोमवारी भरलेली गाडी गुरुवारी बनगावात पोचते आणि सुट्टीत सापडते. शुक्रवारी संध्याकाळी भरा, म्हणजे सोमवारी गाडी तिथे आणि आठवड्याचे चार दिवस हातात. दुर्गापूजेच्या आणि ईदच्या तारखा दलालाकडून आधीच मागून घ्या. त्या आठवड्यांत सीमेची गाडी भरूच नका, तो माल कळमन्यातच विका.